अयिंदि म्हणण्याआधी

आमच्या घरात एक शब्द उगाच उच्चारायची सोय नव्हती. ‘अयिंदि’. तेलुगूत त्याचा अर्थ ‘झालं’, बस एवढाच. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या गल्ल्यांतून, तो दिवसातून शंभरदा कानावर पडतो. भात झाला, अयिंदि. धुणं झालं, अयिंदि. पण अम्मा आणि नायना, म्हणजे माझे आईवडील, समोरासमोर कामाला बसले की तो शब्द म्हणायचा हक्क फक्त अम्माचा. आणि तिनंही तो बोट फिरवल्याशिवाय म्हणायचा नाही, असा दंडक.

नायना चादरींची नक्षी काढायचे. चौकटींच्या कागदावर काढायचे. भरलेली चौकट म्हणजे धागा उचलायचा, रिकामी म्हणजे सोडायचा. मग त्या कागदावरून पुठ्ठ्याची लांबट कार्डं पाडायची, एका ओळीला एक कार्ड, आणि सगळी दोऱ्यानं ओवून मागाच्या डोक्यावर चढवायची. नायना ओळ वाचायचे, “तीन उचल, पाच सोड, एक उचल.” अम्मा भोकं पाडायची. कार्ड संपलं की ती त्यावरून तर्जनी फिरवायची, ओठांतल्या ओठांत भोकं मोजायची, आणि मग म्हणायची, “अयिंदि.” तेव्हा कुठं नायना कागदावरच्या त्या ओळीपुढं लाल पेन्सिलीची बारीक रेघ ओढायचे.

कामाच्या मध्येच दूध उतू गेलं, दारात कुणी आलं, तर हातातलं अर्धं कार्ड सरळ टोपलीत. परत आल्यावर पहिल्या भोकापासून नवं कार्ड. एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, “चारच भोकं राहिली होती, पुठ्ठा कशाला वाया घालवायचा?” अम्मा म्हणाली, “चार राहिली होती की पाच, हे तू सांगणार?” मी तिला नवा पुठ्ठा उचलून दिला. दिला, पण शिकलो नाही. ते फार पुढं शिकलो, आणि ज्या रीतीनं शिकलो तशी कुणावर पाळी येऊ नये.

आणखी एक रीत होती. शेवटच्या कार्डावर अम्मा ‘अयिंदि’ म्हणाली की नायना नक्षीचे सगळे कागद बादलीत बुडवायचे. नक्षी चोरीला जायची भीती. आज इथं काढलेलं फूल आठ दिवसांत पलीकडच्या गल्लीतल्या मागावर उमलायचं, हे त्यांनी सोसलेलं होतं. कार्डं पुरी झाली की कागदाचं काम संपलं, मग तो पाण्यात. भिजून लगदा होईपर्यंत ते बादलीपाशी उभे राहायचे.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा मी शिकून, मुंबईत थोडं प्रशिक्षण घेऊन परत आलो होतो आणि एका मिलमध्ये संगणकावर लागलो होतो. संगणक म्हणजे दोन कपाटांएवढं धूड, त्याला एक हिरव्या अक्षरांचा पडदा, एक खडखडणारं छपाईयंत्र, आणि परातीएवढी फिरणारी तबकडी, डिस्क. यंत्र एकाचं, डिस्क दुसऱ्याची, दोघांचं जमेना. त्यांची सोयरीक जुळवायचं काम माझ्याकडं आलं. यंत्राच्या सगळ्या व्यवहारावर हुकूम चालवणारा जो मुळातला प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. त्यातला डिस्कवर लिहिण्याचा भाग मी लिहिला. अम्मानं गल्लीत सांगून टाकलं, पोरगा कर्नलच्या हाताखाली आहे. सहा महिने लोक मला विचारायचे, मिलमध्ये मिलिटरी कशाला आली?

सोलापुरात वीज जायची. सांगून जायची, न सांगता जायची. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली की अर्धं लिहिलं जातं, अर्धं राहतं, आणि राहिलेल्या जागेत आधीचं जे काही पडलेलं असेल ते तसंच. म्हणून डिस्कच्या एका कडेला एक यादी ठेवलेली असते. कुठलं लिखाण कुठं आहे, आणि ते पुरं झालं की नाही, याची खूण त्या यादीत. सरळ रीत अशी की आधी लिखाण पुरं लिहावं, मग यादीत खूण करावी, आणि सगळ्यात शेवटी जुन्या प्रतीची जागा मोकळी करावी. म्हणजे वीज कधीही गेली तरी जुनं किंवा नवं, काहीतरी एक धड हातात राहतं.

मी तसं केलं नाही. डिस्कचं वाचणारं-लिहिणारं टोक एका दांड्यावर असतं, तो दांडा मागंपुढं सरकतो, आणि त्यात वेळ जातो. नाव शोधायला दांडा यादीपाशी गेलेलाच असायचा. म्हटलं, गेलाच आहे तर ‘पुरं’ ही खूण आत्ताच करून घेऊ आणि मग लिहायला जाऊ. एक हेलपाटा वाचला. काम इतकं झरझर व्हायला लागलं की आमचे साहेब चार माणसांना बोलावून दाखवायचे. मी हवेत होतो.

घरी जेवताना मी हे नायनांना रंगवून सांगितलं. ते भाकरी मोडता मोडता थांबले.

“म्हणजे अयिंदि आधी म्हणतोस, आणि भोकं नंतर पाडतोस?”

“नायना, हे पुठ्ठ्याचं काम नाही. डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं सगळं.”

“पापणी लवायच्या आत माणूस जातो,” ते म्हणाले, आणि ताटाकडं वळले.

मला राग आला. मिलच्या साहेबांना पटतं आणि यांना पटत नाही. माझा राग तेव्हा नाकावर असायचा, आणि आपल्याला जास्त कळतं याची खात्री त्याहून वर. त्या दिवशी ते ऐकलं असतं तर मला ही पानं लिहावी लागली नसती.

त्याच वर्षी नायनांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. कडेकडेनं अंधार येत होता, डॉक्टरांनी हात टेकले होते. याच मिलमध्ये त्यांनीही बरीच वर्षं काढली होती, ती त्यांनी आधीच सोडली होती. पण डोळे असेतो त्यांना एक चादर काढायची होती. विकायला नाही, अम्मासाठी.

अम्मा रोज सकाळी दारात मुग्गु घालायची. मुग्गु म्हणजे आमची ठिपक्यांची रांगोळी. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिचा एक दिवस चुकला नव्हता, पण आता गुडघे वाकेनात, दार कोरं राहायला लागलं. नायनांनी तिच्या मुग्गुंचीच चादर करायची ठरवली. सोलापूरच्या चादरीची नक्षी बहुतेक करून अर्धीच काढतात, उरलेली अर्धी उलटून तीच येते. ही तशी नव्हती. एका टोकाला तिच्या पहिल्या सकाळचा मुग्गु, बावरलेल्या हातानं घातलेला, एक ठिपका चुकलेला. तिथून पुढं वर्षं सरकत जायची. पहिला भाडोत्री माग घेतला तेव्हाचा, माझ्या जन्माच्या वेळचा, असं करत दुसऱ्या टोकापर्यंत. बाईनं रोज घालायचे आणि रोज पायांनी पुसून जायचे, ते यांनी डोक्यात साठवून ठेवले होते.

“आणि शेवटी काय काढलंय?” अम्मानं विचारलं होतं.

“ते विणल्यावर बघ.”

“अहो, सांगा की आत्ताच.”

“विणल्यावर,” ते म्हणाले, आणि लाजले. साठीच्या माणसाला लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं.

बारा महिने भिंग लावून त्यांनी ती काढली. कार्डं पाडायला अम्माची बोटं आता साथ देत नव्हती, तेव्हा मीच म्हटलं की नक्षी डिस्कवर ठेवू, माग मोकळा झाला की छापून काढू, त्यावरून कार्डं कुणीही पाडेल. साहेबांनी होकार दिला. नायनांना तिथं सगळे ओळखत होतेच. मिलच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं जायचो. ते भिंगातून ओळ वाचायचे, मी कळा दाबायचो, शून्य आणि एक, शून्य आणि एक. कागद माझ्याकडं कधी वळवलाच नाही. “तू अम्माला सांगशील,” म्हणायचे. आणि मला त्या शून्यांतून काही दिसत नव्हतं. ओळ संपली की मी पडद्यावर नजर फिरवून ‘अयिंदि’ म्हणायचो, ते लाल रेघ मारायचे. माग मिळेपर्यंत कागदावर काहीही छापायचं नाही, ही त्यांची अट. डोळे चालले तरी चोरांची भीती गेली नव्हती.

शेवटच्या ओळी संपल्या तो उन्हाळ्यातला दिवस. दुपार टळत आली होती. यंत्राच्या खोलीत गारवा असायचा, तो नायनांना सोसेना, म्हणून शेवटची ओळ सांगून ते बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत कागदांची गुंडाळी. मी सगळी नक्षी एकत्र करून कायमच्या जागी लिहायचा हुकूम यंत्राला दिला. यादीत खूण झाली. दांडा सरकल्याचा आवाज आला. आणि वीज गेली.

पंखा थांबला, डिस्क हळूहळू कण्हत थांबली. मी अंधारात बसून राहिलो. तासाभरानं वीज आली. यंत्र सुरू केलं, आधी यादी उघडली. नक्षीचं नाव होतं. लांबी बरोबर होती, ओळीला ओळ. पुढं खूण होती, पुरं. यंत्रानं त्या खुणेवर विश्वास ठेवून जुन्या प्रतीची, म्हणजे दर सुट्टीला लिहून ठेवलेल्या तुकड्यांची, जागाही मोकळी करून टाकली होती.

मला माहीत होतं. हेच मला आजतागायत खुपतं. इतर कुणी असता तर म्हटलं असतं, खूण आहे म्हणजे झालं असणार. पण ती खूण आधी होते, हे जगात ज्या एका माणसाला पक्कं माहीत होतं तो मी होतो. नक्षी पडद्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत सरकवून बघायला अर्धा तास लागला असता. पण बाहेर ऊन तापलेलं, म्हातारा माणूस सकाळपासून दोन घास खाऊन बसलेला, आणि मला माझ्या कामाचा भारी भरवसा. मी व्हरांड्यात गेलो.

त्यांनी आवाजाच्या रोखानं मान वर केली. “लाईट गेली होती की. अयिंदा? झालं का?”

“अयिंदि,” मी म्हटलं.

ते उठले. व्हरांड्याच्या टोकाला माळ्यानं झाडांसाठी भरून ठेवलेलं पिंप होतं. चाचपडत तिथं गेले, पिशवीतून कागद काढले, एकेक करून पाण्यात सोडले आणि हातानं दाबून धरले. त्यांच्या मनगटापर्यंत लाल पेन्सिलीचा रंग चढला. मी शेजारी उभा होतो. मला बरंच वाटत होतं, काम संपलं म्हणून. घरी जाताना ते रस्ताभर बोलत होते. नक्षी पुरी झाल्याचं अम्माला आत्ता सांगायचं नाही, चादर मागावरून उतरली की घडी करून एकदम अंगावर टाकायची.

माग मिळायला वेळ लागला. नायनांचे एक जुने सोबती होते, मी त्यांना काका म्हणायचो; मूळचे वैरागकडचे, मिलमध्ये एकत्र होते आणि आता स्वतःचा माग चालवायचे. ते म्हणाले होते, सराई सरू द्या, मग निवांत घेऊ. सराई सरायच्या आत एका सकाळी नायना मोरीपाशी तोंड धुताना खाली बसले ते उठलेच नाहीत. शेजारच्या म्हाताऱ्यांनी नाडी पाहिली आणि माझ्याकडं न बघता म्हटलं, “अयिपोयिंदि.” संपलं. आमच्या भाषेत दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. झालं, आणि झालं ते कायमचं.

दिवसकार्य उरकलं, आणि महिनाभरानं काका स्वतःहून घरी आले. म्हणाले, “पोरा, माग मोकळा हाय. वयनीची चादर घिऊ या आता.” अम्मा आतून ऐकत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती उंबऱ्यापर्यंत आली.

दुसऱ्याच दिवशी मी नक्षी छापायला लावली. कागदावर काय होतंय ते तेव्हा पहिल्यांदा दिसलं. भरलेल्या चौकटीला फुली, रिकामीला टिंब, आणि त्या फुल्यांतून अम्माचा पहिला मुग्गु वर येत होता, चुकलेल्या ठिपक्यासकट. मग दुसरा. मग कमळाचा. मला हसू आणि रडू एकदम येत होतं. माझ्या जन्माच्या मुग्गुत त्यांनी मध्ये एक इवलासा पाळणा घातला होता. तो पाळणा अर्धा झाला, आणि त्या ओळीच्या मधोमध फुल्या थांबल्या. यंत्र खडखडतच होतं. पुढं छापून आलं: बॉबिन, मोठे. बॉबिन, लहान. चामडी पट्टे. धोटे, शिसवी. मिलच्या सुट्या भागांची जुनी यादी, पानामागून पान.

मी यंत्र बंद केलं नाही. शेवटच्या पानापर्यंत छापू दिलं, मध्येच कुठंतरी परत फुल्या येतील म्हणून. आल्या नाहीत. जुन्या प्रतीची जागा शोधली, तिथं कधीच दुसरं काम लिहिलं गेलं होतं. मिलच्या कामांची जादा प्रत ज्या टेपांवर ठेवायचे, त्यांवर आमची नक्षी कधी चढवलीच नव्हती. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून त्या गार खोलीत बसलो. वडील गेले त्या दिवशी मी रडलो नव्हतो इतका या दिवशी रडलो, कारण तेव्हा ते नुसते गेले होते, आणि या दिवशी मी त्यांना घालवलं होतं.

घरी आलो तेव्हा अम्मा सुपात शेंगदाणे निवडत होती. तिनं माझा चेहरा पाहिला आणि सूप खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. वीज कशी गेली, खूण आधी कशी झाली, कागद पाण्यात कसे गेले. तिला डिस्क कळत नव्हती, यादी कळत नव्हती, आणि मी तर सारवासारव केल्यासारखा बोलतच सुटलो होतो. तिनं हात वर करून मला थांबवलं आणि एवढंच विचारलं.

“अयिंदि म्हणायच्या आधी बोट फिरवलं होतंस?”

“नाही, अम्मा.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं सूप परत मांडीवर घेतलं आणि निवडलेले दाणे पुन्हा निवडायला लागली. निवडता निवडता म्हणाली, “शेवटी काय होतं?”

“मला माहीत नाही.”

“तूच तर लिहिलंस की रे सगळं.”

खरं होतं. त्यातली एकेक चौकट माझ्या बोटांतून गेली होती. ती काय होती, हे माझ्या बोटांना विचारूनही कळणार नव्हतं.

त्या आठवड्यात मी डिस्कचा तो भाग पुसून नव्यानं लिहिला. आधी लिखाण, नव्या जागेत. मग ते डिस्कवरून परत वाचायचं आणि मुळाशी ताडून बघायचं. मग खूण. जुन्याची जागा सगळ्यात शेवटी मोकळी. वीज येऊन यंत्र सुरू झालं की ज्याला खूण नाही ते सगळं टोपलीत. ताडून बघणाऱ्या भागाला मी ‘बोट’ असं नाव दिलं. साहेब म्हणाले, काम हळू झालंय. मी म्हटलं, होऊ दे. त्यानंतर वीज शेकडो वेळा गेली असेल, त्या यंत्रानं खोटं कधी सांगितलं नाही. त्याचा मला अभिमान वाटला पाहिजे. वाटत नाही.

काकांना मी फुल्यांचे कागद नेऊन दिले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते चाळले, अर्ध्या पाळण्यापाशी थांबले. “हितनं म्होरं काय न्हाय?”

“नाही.”

“मग अर्धी वळ काढून टाकतो. पुऱ्या वळीपातूर घितो, म्होरं पांढरं सोडतो.” ते विणकर होते. अर्धवट धागा काढून शेवटच्या धड धाग्यापासून सुरू करायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

चादर मीच घरी आणली, संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी. एकदम अंगावर टाकायची असं नायना म्हणाले होते, ते माझ्यानं झालं नाही. मी ती अम्माच्या मांडीवर ठेवली. तिनं घडी उलगडली. पहिल्या मुग्गुतला चुकलेला ठिपका तिला लगेच सापडला. “अगं बाई, हे त्यांच्या लक्षात होतं,” ती म्हणाली, आणि हसली. मग तिनं तर्जनी टेकवली आणि ओळीवरून ओळ, ओठांतल्या ओठांत मोजत, बोट फिरवत निघाली. कमळ घातलं होतं ती सकाळ, माग घरात आला ती सकाळ, सगळं तिचं तिला ओळखू येत होतं. पाळण्यापाशी रंग संपला. पुढं हातभर पांढरं सूत होतं. तिनं त्यावरूनही बोट फिरवलं, पार काठापर्यंत. एकदा. मग परत एकदा.

“अम्मा,” मी विचारलं. “अयिंदा?”

तिनं बोट उचललं नाही.

“कालेदु,” ती म्हणाली. नाही झालं.

व्हरांड्यात नायनांना मी एवढाच एक शब्द म्हटला असता, तर ते पिशवी तशीच मांडीवर घेऊन बसून राहिले असते.